अणूंचा शेजार

बहुतेकांच्या घरी स्क्रूड्रायव्हरसारखा दिसणारा विजेचा टेस्टर असतो. दिवे गेले की आपण तो टेबलाच्या खणातून शोधून काढतो, त्याचे टोक सॉकेटच्या भोकात घालतो आणि मागच्या टोपीवर बोट ठेवतो. मुठीतल्या इवल्याशा काचनळीत नारिंगी उजेड दिसला की वीज आहे, न दिसला तर नाही, असा निकाल लागतो. त्या काचनळीत निऑन वायू भरलेला असतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु अशा नळ्यांत निऑनबरोबर बहुधा चिमूटभर अर्गॉनही घातलेला असतो, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. हा अर्गॉन कशासाठी? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की विसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाचा एक मोठा, आणि आमच्या मते पुरेसा न सांगितला गेलेला, इतिहास हाती लागतो. त्या इतिहासाचे एक अलीकडचे पान आमच्या या उपनगरांच्या हद्दीतच लिहिले गेले आहे. म्हणून तो येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. अणूतील इलेक्ट्रॉन हे जिन्याच्या पायऱ्यांवर उभे असावेत तसे ठराविक ऊर्जेच्या पायऱ्यांवर असतात, ही कल्पना नील्स बोर यांनी १९१३ साली मांडली. अणूला बाहेरून ऊर्जा मिळाली की इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर जातो. अशा अणूला उत्तेजित अणू म्हणतात. तो इलेक्ट्रॉन पुन्हा खाली आला की ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. ऊर्जा पुरेशी मोठी असली तर इलेक्ट्रॉन जिना सोडून अणूबाहेरच निघून जातो, आणि मागे धन विद्युतभाराचा आयन उरतो. हा सर्व व्यवहार मोजण्याचे नाणे म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट होय. निऑनच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन काढावयाचा तर २१·६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोजावे लागतात. अर्गॉनच्या अणूतून काढण्यास १५·८ पुरतात.

या विवेचनात एक गृहीत नकळत शिरले आहे. आम्ही अणू एकटा धरला! बोर यांच्या काळी तसे धरणे वावगेही नव्हते. अणूच्या अंतरंगाचा शोध नुकताच लागलेला. तेव्हा आधी एकट्या अणूचे कोडे सोडवावे आणि मग त्याच्या गोतावळ्याकडे पाहावे, हा क्रम योग्यच होता. परंतु जगात एकटा अणू विरळा. हवेत तो क्षणोक्षणी दुसऱ्यावर आदळतो. पाण्यात, दगडात, आपल्या शरीरात तर तो चोहोबाजूंनी शेजाऱ्यांनी वेढलेला असतो. मग उत्तेजित झालेल्या अणूने आपली ऊर्जा प्रकाश म्हणून न टाकता शेजाऱ्याच्या हवाली केली, तर काय होईल?

या प्रश्नाचा पहिला स्पष्ट पुरावा १९२२ च्या सुमारास जर्मनीतील गटिंगेन येथे मिळाला. जेम्स फ्रांक व ग्युंटर कारियो यांनी पारा आणि थॅलियम यांच्या वाफा एकत्र करून त्यांवर पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश पाडला. तो प्रकाश शोषून घेण्याची पात्रता पाऱ्याच्या अणूंत होती, थॅलियमच्या अणूंत नव्हती. तरीसुद्धा थॅलियमच्या खास रंगाच्या रेषा उजळल्या. पाऱ्याने ऊर्जा घेतली, थॅलियमला दिली आणि प्रकाश थॅलियमने टाकला, एवढाच याचा अर्थ होऊ शकत होता.

याच सुमारास दुसरा एक शोध लागला. अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडाला की त्याची रिकामी जागा भरण्यास वरचा इलेक्ट्रॉन खाली येतो, आणि त्यातून सुटलेल्या ऊर्जेने त्याच अणूतला आणखी एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. लीझ माइट्नर यांनी १९२२ साली हे वर्णन प्रसिद्ध केले. पिएर ओझे यांनी १९२३ साली स्वतंत्रपणे तेच दाखविले. तथापि ग्रंथांत नाव रूढ झाले ते ‘ओझे परिणाम’ असे. माइट्नरबाईंचे नाव त्यास जोडण्याची प्रथा फार उशिरा सुरू झाली. हा शोध मात्र एकट्या अणूचाच होता, घरातला हिशेब घरातच मिटविणारा. तो पाठ्यपुस्तकांत मानाने बसला, आणि शेजाऱ्याचा प्रश्न काहीसा मागे पडला.

तो पुढे आणला तो विद्यापीठाने नव्हे, तर दिव्यांच्या कारखान्याने. हॉलंडमधील आइंडहोवेन येथे फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत फ्रान्स मिशेल पेनिंग नावाचे शास्त्रज्ञ वायूंनी भरलेल्या नळ्यांतून वीज कशी वाहते याचा अभ्यास करीत होते. शुद्ध निऑनची नळी पेटविण्यास जेवढा विद्युतदाब लागतो, त्याहून पुष्कळच कमी दाबावर ती पेटते, जर निऑनमध्ये अर्गॉनचा अत्यल्प अंश असेल तर, असे त्यांना आढळले. हजारात एक इतक्या भेसळीनेही फरक पडत होता. व्यापारात भेसळ म्हणजे माल बिघडविणारी वस्तू. येथे ती माल सुधारीत होती! पेनिंग यांनी १९२७ साली याची जी उपपत्ती मांडली ती इतकी साधी आहे की एका बेरीज-वजाबाकीत समजावी. निऑनच्या अणूची एक उत्तेजित अवस्था अशी आहे की तीतून प्रकाश टाकून सुटका करून घेणे त्याला सहजी जमत नाही. १६·६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पोटात घेऊन तो बराच वेळ भटकत राहतो. भटकता भटकता तो अर्गॉनच्या अणूवर आदळला की ती ऊर्जा त्याला देऊन मोकळा होतो. अर्गॉनला इलेक्ट्रॉन सोडण्यास १५·८ पुरतात. साहजिकच अर्गॉनचा इलेक्ट्रॉन सुटतो, आणि सुटलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन वीज वाहून नेण्यास हातभार लावतो. टेस्टरमधल्या त्या चिमूटभर अर्गॉनचे काम ते हेच.

घराघरांतल्या ट्यूबलाइटमध्येही हाच व्यवहार चाले. तीत थोडा अर्गॉन आणि पाऱ्याचा थेंब असे. उत्तेजित अर्गॉनपाशी सुमारे ११·५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट साठलेले, आणि पाऱ्याला इलेक्ट्रॉन सोडण्यास १०·४ पुरेसे. तेव्हा नळी पेटण्यास अर्गॉनची मदत होई. पेनिंग यांच्या निबंधानंतर दोनच वर्षांनी, १९२९ साली, मुंबईच्या उपनगरांना वीज पुरविण्यासाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली. पुढे अंधेरी, घाटकोपर ही गावे वाढली. १९५७ साली बोरिवली, मुलुंड बृहन्मुंबईत आली. आणि ट्यूबलाइटचा पांढरा प्रकाश चाळींत, शाळांत, स्टेशनांवर, व्याख्यानांच्या मंडपांत पसरला. स्टार्टर लुकलुकत नळी पेटण्याची वाट पाहणारी ती मुले आज आजोबा झाली आहेत. त्या नळ्यांची जागा आता एल.ई.डी. दिव्यांनी घेतली आहे. तरी निदान दोन पिढ्यांनी ज्या उजेडात अभ्यास केला, त्या उजेडाच्या मुळाशी एका अणूने शेजारच्या अणूला ऊर्जा देऊन त्याचा इलेक्ट्रॉन सोडविणे ही क्रिया होती, याची नोंद आमच्या उपनगरांच्या इतिहासात असावयास हरकत नाही.

पेनिंग यांच्या क्रियेत अणूंना एकमेकांवर प्रत्यक्ष आदळावे लागते. न आदळता, नुसत्या जवळिकीने ऊर्जा जाऊ शकेल काय? जाऊ शकते, असे थिओडोर फर्स्टर यांनी १९४६ ते १९४८ या काळात गणिताने दाखविले. एका रंगद्रव्याच्या रेणूपासून दुसऱ्याकडे, काही नॅनोमीटर अंतरावरून, ऊर्जा पोहोचते. मात्र अंतर दुप्पट झाले तर तिचा वेग चौसष्टांशावर येतो. झाडाच्या पानात सूर्यप्रकाश एका रेणूने टिपावा आणि त्याची ऊर्जा हस्ते परहस्ते योग्य ठिकाणी पोहोचावी, हा व्यवहार समजण्यास या विचाराची मोठीच मदत झाली. परंतु फर्स्टर यांच्या व्यवहारात शेजारी केवळ उत्तेजित होतो. त्याचा इलेक्ट्रॉन सुटत नाही.

आता हे दोन धागे शेजारी ठेवून पाहावेत. पेनिंग यांच्याकडे इलेक्ट्रॉन सुटतो, पण टक्कर हवी. फर्स्टर यांच्याकडे टक्कर नको, पण इलेक्ट्रॉन सुटत नाही. या दोहोंची गाठ घालणारा विचार, म्हणजे टक्कर न होता शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन उडणे, हा मांडला जाण्यास १९९७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जर्मनीतील हायडेलबर्ग येथील लोरेन्झ सेडरबाउम यांनी झोबेली व तारान्तेल्ली या सहकाऱ्यांसह तो प्रसिद्ध केला. त्याचे मर्म पुन्हा निऑनच्याच उदाहरणाने सांगतो.

निऑनच्या अणूतला आतला एक इलेक्ट्रॉन उडविला, तर वरचा इलेक्ट्रॉन त्या जागी येताना सुमारे २७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोकळे होतात. एवढ्या ऊर्जेत त्याच अणूतला आणखी एक इलेक्ट्रॉन काढता येईल काय? येणार नाही. कारण आधीच धन झालेल्या त्या अणूतून दुसरा इलेक्ट्रॉन काढण्यास ४१ लागतात. म्हणजे माइट्नर व ओझे यांची वाट बंद. एकट्या अणूने मग सावकाश प्रकाश टाकावा, दुसरा मार्ग नाही. परंतु शेजारी दुसरा निऑन असेल तर? त्याचा इलेक्ट्रॉन काढण्यास २१·६ पुरतात, आणि पहिल्यापाशी तर २७ आहेत. ऊर्जा पलीकडे जाते आणि शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन उडतो. उरलेल्या पाचांतला मोठा भाग, एकमेकांशेजारी उभे राहिलेले दोन धन आयन परस्परांना ढकलून देतात त्यात खर्च होतो. उडालेल्या इलेक्ट्रॉनच्या वाट्याला फारच थोडी ऊर्जा येते.

हायडेलबर्गचे हे गणित बर्लिन येथील प्रयोगांत निऑनच्या अणुपुंजांवर २००३ साली पडताळून पाहण्यात आले. फ्रांकफुर्टच्या संशोधकांनी २००४ साली निऑनच्या केवळ दोन अणूंच्या जोडीत सुटलेला इलेक्ट्रॉन आणि दूर फेकलेले दोन्ही आयन एकाच वेळी पकडून शंकेस जागा ठेवली नाही. पुढे २०१३ साली या क्रियेस लागणारा वेळही मोजला गेला. तो सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाच्या आसपास आहे. एकट्या अणूला प्रकाश टाकून मोकळे होण्यास याच्या सुमारे हजारपट वेळ लागतो. म्हणजे शेजारी असला की एकट्याचा नियम लागूच होत नाही. प्रकाश टाकण्याची पाळी येण्यापूर्वीच व्यवहार आटोपलेला असतो.

मराठी माणसाला शेजार हा शब्द गोड लागतो. साखर-विरजण उसने देणारा, रात्री-अपरात्री धावून येणारा तो शेजारी. म्हणून येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अणूंचा हा व्यवहार शेजारधर्म नव्हे. एका घरात पेटलेले निखारे शेजारच्या घरात फेकून द्यावेत आणि परिणामी दोन्ही बिऱ्हाडांना जागा सोडावी लागावी, तसा हा प्रकार आहे. धन झालेले दोन्ही अणू एकमेकांपासून दूर उडतात; त्यांची जोडी मोडते. उपमेचा उपयोग तेवढ्यापुरताच करावा.

एवढी मूलभूत क्रिया पेनिंगपासून सत्तर वर्षे नजरेआड का राहिली? आमच्या मते कारणे दोन. एक, सुटणारे इलेक्ट्रॉन अत्यंत मंद असतात आणि कोणत्याही प्रयोगात इतर कारणांनी सुटलेल्या मंद इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत ते मिसळून जातात. त्यांना निवडून काढण्याची साधने अलीकडची आहेत. दुसरे कारण सवयीचे. एकट्या अणूचा हिशेब इतका चोख जमला होता की शेजाऱ्याचे खाते उघडण्याची गरजच कोणाला फारशी भासली नाही.

हे खाते न उघडल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते पाण्यात. दोन स्वतंत्र संशोधक-गटांनी २०१० साली दाखवून दिले की पाण्याच्या रेणूंतही हीच क्रिया घडते. एका रेणूने ऊर्जा दिली, शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन उडाला आणि दोन्ही रेणू दुरावले. माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा. त्यातून क्ष-किरण किंवा किरणोत्सर्ग गेला की अशा घटना पेशींच्या आत, आनुवंशिक द्रव्याच्या अगदी लगत घडणार. आणि मंद इलेक्ट्रॉन निरुपद्रवी असतात असे म्हणावे, तर कॅनडातील शेरब्रुक येथील लेऑं सांश व त्यांचे सहकारी यांनी २००० सालीच दाखविले होते की ३ ते २० इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतक्या अल्प ऊर्जेचे इलेक्ट्रॉनसुद्धा डी.एन.ए.चे धागे तोडू शकतात. तेव्हा किरणोत्सर्गाने जिवंत शरीराची हानी कशी होते, आणि कर्करोगाच्या पेशींवर किरणांचा उपचार करताना नेमके काय घडते, याचा हिशेब मांडणाऱ्याला अणू एकटा धरून चालणार नाही. शेजाऱ्याची बाब वगळली तर तो हिशेब अपुरा राहील.

येथे आम्ही आमच्या उपनगरांकडे येतो. घाटकोपर-चेंबूरच्या पलीकडे, टेकडी आणि खाडी यांच्यामध्ये तुर्भे, म्हणजे लोक ज्याला ट्रॉम्बे म्हणतात ते, आहे. डॉ. होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९५४ साली अणुशक्ती संस्थेची स्थापना झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथील पहिली अणुभट्टी सुरू झाली. पाण्यात बुडालेल्या तिच्या गाभ्याभोवती निळा प्रकाश दिसे. पंडित नेहरूंनी तिला ‘अप्सरा’ हे नाव दिले. २० जानेवारी १९५७ रोजी त्यांच्याच हस्ते संस्थेचे औपचारिक उद्घाटन झाले. भाभांच्या निधनानंतर १९६७ साली संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. मूळची अप्सरा आता बंद झाली असून २०१८ साली तिची सुधारलेली आवृत्ती कार्यान्वित झाली आहे. लोकांना तुर्भे माहीत असते ते अणुभट्ट्यांसाठी. परंतु तेथे कागद आणि संगणक घेऊन रेणूंची गणिते सोडविणारे रसायनशास्त्रज्ञही बसतात, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्यांपैकी वाय. सजीव यांचे नाव आमच्या विषयाच्या इतिहासात आले आहे. आय.आय.टी. मद्रासमधील सरोज बारिक, जी. अरविंद व त्यांचे सहकारी यांनी सजीव यांच्यासह २०२२ साली ‘नेचर केमिस्ट्री’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी घेतलेला पदार्थ होता पिरिडीन. स्पिरिट पिण्याजोगे राहू नये म्हणून त्यात जे उग्र वासाचे द्रव्य मिसळीत, त्यांपैकी हे एक. स्टोव्ह पेटविण्याचे स्पिरिट ज्यांनी हाताळले आहे, त्यांना त्या वासाची कल्पना असेल. त्या वेळेपर्यंत टक्कर न होता घडणारी ही क्रिया दिसली होती ती एकमेकांना चिकटून असलेल्या अणूंत वा रेणूंत, म्हणजे निऑनची जोडी, पाण्याचे पुंज अशा ठिकाणी. मद्रासच्या प्रयोगात पिरिडीनचे रेणू वायुरूपात सुटे सुटे होते. त्यांवर पाडलेला प्रकाश मंद होता, आणि त्याच्या एका कणाची ऊर्जा रेणूतून इलेक्ट्रॉन सोडविण्यास मुळीच पुरेशी नव्हती. तरीही आयन सापडले. इतकेच नव्हे, तर एका रेणूहून जड असे आयनही सापडले. सुटे रेणू उत्तेजित झाल्यावर एकमेकांकडे ओढले जातात, आपली ऊर्जा एकत्र आणतात आणि तिच्या बळावर त्यांच्यातील एकाचा इलेक्ट्रॉन सुटतो, अशी उपपत्ती त्या संशोधकांनी मांडली.

याचे महत्त्व नीट समजून घेतले पाहिजे. आजवर ही क्रिया म्हटली की क्ष-किरण, प्रचंड ऊर्जा, आणि थंडगार केलेले अणुपुंज डोळ्यांपुढे येत. मंद प्रकाशात, मुळात शेजारी नसलेल्या रेणूंतही ती घडते असे ठरले, तर तिचे क्षेत्र प्रयोगशाळेबाहेर पुष्कळ वाढते. नायट्रोजन असलेली अशी कडी सजीवांतील कित्येक रेणूंत असतात, डी.एन.ए.मध्येही असतात. त्यांच्यात काय घडते हा पुढचा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

तथापि उत्साहाच्या भरात दोन गोष्टी बोलू नयेत. वायुरूप पिरिडीनमध्ये जे घडले तेच जिवंत पेशीत घडते असे या प्रयोगाने सिद्ध झालेले नाही. तसेच या क्रियेचा उपयोग करून कर्करोगाच्या पेशीतच मंद इलेक्ट्रॉन सोडावेत, ही कल्पना शास्त्रज्ञ बोलून दाखवितात, परंतु तो अद्याप उपचार झालेला नाही. ज्याच्या घरात रुग्ण आहे त्याला अर्धवट आशा दाखविणे हे व्याख्यात्याचे काम नव्हे.

मात्र इतिहासापासून घ्यावयाचा बोध निश्चित आहे. पेनिंग यांना दिव्याच्या नळीतली भेसळ ही अडचण न वाटता प्रश्न वाटला, म्हणून पेनिंग परिणाम सापडला. सेडरबाउम यांनी एकट्या अणूचा चोख हिशेब पुरेसा मानला नाही, म्हणून सत्तर वर्षांनी दुसरे दार उघडले. आणि पिरिडीनमध्ये आयन मिळावयास नको असता मिळाले, तेव्हा मद्रास आणि तुर्भे येथील मंडळींनी ते दुर्लक्षिले नाहीत. सभेतून घरी गेल्यावर कोणी मुलाने टेस्टर हातात घेऊन, आत अर्गॉन कशाला, असे विचारले, तर त्यास गप्प बसवू नये. हा सारा इतिहास तशाच प्रश्नापासून सुरू झाला आहे.